नाण्यावरचा डाग जिवंत आहे का?

ग्रेड झालेलं नाणं घरी आलं की त्याची काळजी मिटली असं आपण धरून चालतो. कडक, पारदर्शक प्लास्टिकचा चपटा डबा, ज्याला सगळे स्लॅब म्हणतात. आत नाणं, वर लेबल, लेबलावर वर्ष, टांकसाळ आणि १ ते ७० यांमधला एक आकडा. तज्ज्ञांनी पाहिलं, खरं ठरवलं, आकडा दिला, आता ते कपाटात निवांत राहील. पण स्लॅब पूर्ण हवाबंद नसतो, आणि नाणं आत जाताना अंगावर जे काही घेऊन जातं तेही त्याच्यासोबतच बंद होतं. मग कधीतरी दिव्याखाली नाणं तिरकं धरलं की काठाशी काहीतरी वेगळं दिसतं. पूर्वी नसलेलं, किंवा पूर्वी नजरेतून सुटलेलं. तिथून प्रश्न सुरू होतो: हे संवर्धनासाठी व्यावसायिकांकडे पाठवावं का? पाठवलं तर पैसे वसूल होतील का? आणि नाही झाले, तरी पाठवावं का?

मी न्यू जर्सीत राहतो आणि दोन प्रकारची नाणी जमवतो. एक अमेरिकेचे मॉर्गन डॉलर, १८७८ ते १९०४ आणि मग १९२१ साली पाडलेले, नव्वद टक्के चांदीचे. दुसरे ब्रिटिश हिंदुस्थानचे रुपये, जे इथल्या लिलावांत आणि नाण्यांच्या प्रदर्शनांत बऱ्यापैकी मिळतात. ही जोडी लोकांना विचित्र वाटते, पण तिला आधार आहे. पहिल्या महायुद्धाच्या शेवटी हिंदुस्थानात लोक नोटा देऊन चांदीचे रुपये मागत होते आणि सरकारकडची चांदी संपत आली होती. तेव्हा १९१८च्या एप्रिलमध्ये अमेरिकेने पिटमन कायदा केला आणि सत्तावीस कोटींहून जास्त चांदीचे डॉलर वितळवले. त्यातली बहुतेक चांदी ब्रिटिश सरकारला विकली गेली, ती हिंदुस्थानात येऊन तिचे रुपये पडले. म्हणजे माझ्या एका ट्रेमधल्या नाण्यांचे सख्खे भाऊबंद वितळून दुसऱ्या ट्रेमधल्या नाण्यांच्या पिढीत मिसळले. हे कळल्यापासून १९१८ ते १९२०चे रुपये मी जरा जास्तच जिव्हाळ्याने पाहतो.

हिरवा डाग नेमका त्यांतल्याच एकावर निघाला. १९१८चा रुपया, पंचम जॉर्जचा, मागच्या बाजूला खाली कमळ आणि कमळाखाली बारीक उठावाचा ठिपका, म्हणजे मुंबई टांकसाळीचा. ग्रेड ६३, म्हणजे न वापरलेला, पण खुणा असलेला. दहापट भिंगातून पाहिलं तर कमळाच्या पाकळीला लागून, जिथे उठाव आणि सपाट भाग मिळतात त्या खाचेत, फिकट हिरवा, किंचित चिकट दिसणारा थर होता. ‘यक रुपया’च्या फारसी अक्षरांच्या पोटातही तोच. आणि बाकी मोकळ्या भागावर दुधट करडी साय आल्यासारखा मंदपणा, जो लेबल वाचताना दिसत नाही, नाणं हळूहळू फिरवताना दिसतो.

नाणी जमवणाऱ्या कुणालाही हा प्रकार ओळखू यावा, कारण तो बहुतेक वेळा आपल्याच घरात तयार होतो. मऊ, लवचिक प्लास्टिकची पाकिटं आणि अल्बमची पानं बहुतेकदा पीव्हीसीची असतात. ती मऊ राहावीत म्हणून त्यांत जे द्रव्य घालतात ते वर्षानुवर्षं पाझरत राहतं, प्लास्टिक स्वतःही हळूहळू विघटित होऊन आम्ल सोडतं, आणि ते आम्ल नाण्यातल्या तांब्याशी भिडतं. चांदीच्या रुपयातही सव्वाआठ टक्क्यांच्या आसपास तांबं असतंच, म्हणून हिरवा रंग. सुरुवातीला ही नुसती साय असते आणि ग्रेड करणाऱ्याच्या नजरेतून ती सुटू शकते. ग्रेडिंग कंपन्यांचे स्लॅब स्वतः निरुपद्रवी प्लास्टिकचे असतात, पण आधीच्या पाकिटातला मळ नाण्याबरोबर आत गेला तर तो आतही आपलं काम चालूच ठेवतो.

‘काम चालू ठेवतो’ हे माझ्या मते या सगळ्या विषयातलं सर्वांत महत्त्वाचं वाक्य आहे. नाण्यावर जे दिसतंय ते अजून धातू खातंय का? की ते केव्हाच होऊन गेलं आणि आता नुसतं तिथे आहे? पहिलं असेल तर काहीतरी करायला हवं. दुसरं असेल, तर करावं का हा वेगळा आणि बहुतेक वेळा नकारात्मक उत्तराचा प्रश्न आहे. बाजारात मात्र हे दोन्ही एकाच टोपलीत टाकतात आणि ‘साफ करून आणलं तर किती वाढेल’ एवढंच विचारतात.

व्यावसायिक संवर्धन म्हणजे काय, हे आधी सांगायला हवं. अमेरिकेत एनजीसी या ग्रेडिंग कंपनीची भगिनी संस्था एनसीएस हेच काम करते, दोघीही फ्लोरिडातल्या सॅरासोटात. पीसीजीएस या दुसऱ्या मोठ्या ग्रेडिंग कंपनीचीही स्वतःची अशी सेवा आहे. नाणं स्लॅबमधून काढतात, सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात, मूळ धातूला न लागता वरचं परकं काय काढता येईल ते ठरवतात आणि सौम्य द्रावणांपासून सुरुवात करतात. घासत नाहीत. ओरखडे भरत नाहीत, भोकं बुजवत नाहीत, झिजलेलं चित्र कोरत नाहीत. तसं करणं ही दुरुस्ती झाली, आणि दुरुस्त केलेल्या नाण्याला साधी ग्रेड मिळत नाही. काम झाल्यावर नाणं पुन्हा ग्रेडिंगला जातं. करण्यासारखं काही नसेल तर तपासणीचे पैसे घेऊन नाणं जसंच्या तसं परत येतं, आणि तेही एक उत्तरच असतं.

हे काम कुठे चमत्कार करतं आणि कुठे हात टेकतं, याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण समुद्रातून आलं. एसएस रिपब्लिक हे वाफेवरचं जहाज १८६५ साली जॉर्जियाच्या किनाऱ्यापासून दूर वादळात बुडालं. २००३ साली त्याचे अवशेष सापडले आणि एकावन्न हजारांहून जास्त नाणी वर आली. त्यांच्या संवर्धनाचं काम एनसीएसने केलं. सोन्याच्या नाण्यांवर समुद्रतळाचे खनिजांचे थर बसले होते, पण सोनं समुद्राच्या पाण्याशी जवळजवळ काहीच बोलत नाही. थर निघाले आणि खाली टांकसाळीतून निघाल्यासारखा धातू होता. त्याच जहाजातल्या चांदीच्या अर्ध्या डॉलरांचं तसं झालं नाही. खाऱ्या पाण्याने चांदीचा पृष्ठभाग आधीच खाल्ला होता. वरचं काढल्यावर खाली खडबडीत, बारीक खड्ड्यांची कातडी उरली. त्यांतल्या बहुतेकांच्या लेबलावर आकडा न देता ‘शिपरेक इफेक्ट’, म्हणजे जहाज बुडाल्याचा परिणाम, असं लिहिलं गेलं. जहाज तेच, पाणी तेच, वर्षं तितकीच, काम करणारे हातही तेच. फरक धातूचा होता. नाणं पाठवायचं का असं कुणी विचारलं की मी आधी विचारतो, धातू कोणता?

पण धातूइतकाच नाण्याचा आधीचा इतिहास आडवा येतो, आणि आपल्या रुपयांच्या बाबतीत तो इतिहास देवघरातला आहे. इथल्या महाराष्ट्र मंडळात एक काका आहेत, मूळ साताऱ्याकडचे. त्यांच्या आईने लक्ष्मीपूजनासाठी जपलेले सहाव्या जॉर्जचे रुपये त्यांच्याकडे आहेत, चाळीसच्या दशकातले. त्यांतला एक त्यांनी ग्रेडिंगला पाठवला होता. तो परत आला ‘डीटेल्स’ या शब्दासह, आकडा नाही, कारण लिहिलेलं: साफ केलेलं. काका ते घेऊन माझ्याकडे आले.

“हे डीटेल्स काढून टाकता येईल का रे? ती संवर्धनवाली कंपनी आहे ना, तिच्याकडे पाठवतो. खर्चाचं बघू नकोस.”

“काका, तुमची आई हे रुपये कशाने धुवायची?”

“धुवायची कसली, लखलखीत करायची. चिंच लावून, मग रांगोळीच्या पुडीने. दर धनत्रयोदशीला. मग हळदकुंकू.”

नाणं दिव्याखाली धरलं तर सगळं दिसत होतं. राजाच्या गालावर एकाच दिशेने गेलेल्या केसासारख्या बारीक रेघा, शेकडो. रांगोळीचा दगड चांदीपेक्षा कठीण, आणि हे रुपये तर १९४०पासून निम्म्याच चांदीचे. बाकी तांबं, निकेल आणि जस्त. अक्षरांच्या खाचांत कुंकवाचा तांबूस अंश अजून होता. तो कदाचित निघाला असता. रेघा निघणार नव्हत्या, कारण रेघ म्हणजे नाण्यावर बसलेलं काही नसतं, नाण्यातून गेलेलं काहीतरी असतं. गेलेला धातू कुठलीही प्रयोगशाळा परत आणत नाही.

“मग पाठवू नका,” मी म्हटलं. “आणि कुंकूही राहू द्या.”

हे सांत्वन म्हणून बोललो नव्हतो. त्या रुपयाला बाजारात जी थोडी किंमत आहे ती कुंकू काढून वाढणार नाही. आणि त्या रेघा काही हलगर्जीपणाच्या नाहीत. वर्षानुवर्षं एक बाई सणाच्या तोंडावर ज्या मनाने तो रुपया घासत होती त्याची ती नोंद आहे. ग्रेडिंगची भाषा त्याला नुकसान म्हणते आणि तिच्या चौकटीत ते बरोबरच आहे. काकांना त्या चौकटीत राहण्याची काही गरज नव्हती. भारतातून आलेल्या जुन्या रुपयांच्या लेबलांवर ‘साफ केलेलं’ हे इतकं वारंवार दिसतं त्यामागे चिंच, राख, रांगोळी आणि लिंबू आहे. आणि ‘कडी काढल्याची खूण’ दिसते तिथे एखादा मोडलेला हार आहे. यातलं काहीही संवर्धनाने मागे फिरत नाही.

आता टोनिंगविषयी, म्हणजे नाण्यावर आपोआप चढणाऱ्या रंगाविषयी, कारण सगळ्यात जास्त नाणी विनाकारण यापायी साफ होतात. चांदीवर हवेतल्या गंधकाने एक अतिशय पातळ थर धरतो. पातळ असेपर्यंत तो स्वतः रंगीत नसतो. प्रकाश त्याच्या वरून आणि खालून परततो आणि त्यातून रंग उठतात, पावसाळ्यात रस्त्यावर सांडलेल्या पेट्रोलवर उठतात तसेच. आधी पिवळसर सोनेरी, मग जांभळट, मग निळा. थर फार जाड झाला की काळा. हा थर वाढायला वर्षं, कधी दशकं लागतात, आणि नाणं कोरड्या जागी ठेवलं तर तो जवळजवळ जागच्या जागी राहतो. तो धातू खात नाही असं म्हणणं अतिशयोक्ती होईल, कारण वरची थोडी चांदी त्यात गेलेलीच असते. पण नेमकं म्हणूनच तो काढणं धोक्याचं: थर काढला की त्यात गेलेली चांदीही त्याच्याबरोबर जाते.

हे कुठे दिसतं तर चकाकीत. नवं नाणं तिरकं करून फिरवलं की प्रकाशाचे पट्टे त्याच्या अंगावरून गोल फिरतात. ठशाच्या दाबाखाली धातू मध्यापासून काठाकडे सरकतो, त्याच्या सूक्ष्म रेषा पृष्ठभागावर राहतात आणि ते पट्टे त्या रेषांतून येतात. आम्लयुक्त द्रावणात नाणं एकदा बुडवलं तर रेषांचे माथे किंचित बोथट होतात. दोनतीनदा बुडवलं की पट्टे फिरायचे थांबतात. नाणं पांढरंशुभ्र दिसतं, पण निर्जीव. इथल्या बाजारात असे पांढरे मॉर्गन ढिगाने आहेत आणि त्यांतले बरेच कधी ना कधी बुडवलेले आहेत. बाजाराने ते चालवून घेतलं आहे. मला त्याचं वाईट वाटतं, कारण ज्याने पहिल्यांदा बुडवलं त्याने पुढच्या सगळ्या मालकांच्या वतीने निर्णय घेऊन टाकला.

माझ्याकडे १८८१चा सॅन फ्रान्सिस्को टांकसाळीचा मॉर्गन आहे, ग्रेड ६४. त्या टांकसाळीची त्या काळातली नाणी ठसठशीत पडलेली असतात. स्वातंत्र्यदेवी लिबर्टीच्या चेहऱ्यासमोर डाव्या काठाला तपकिरीकडून निळ्याकडे जाणारी चंद्रकोर आहे. एका विक्रेत्याने मला समजावून सांगितलं की ही कोर काढली तर ६५ मिळण्याची शक्यता आहे. असेल. पण तो डॉलर सहज मिळणारा आहे, ६४ आणि ६५ यांच्या किमतींतलं अंतर संवर्धन, पुन्हा ग्रेडिंग आणि दोन्ही वेळच्या विमा असलेल्या टपालात सहज बुडून जाईल, आणि निळा रंग कायमचा जाईल. हिशेबानेही नको, मनानेही नको. असं एकमत फार वेळा होत नाही.

हिशेब खरोखर फायद्याचा असतो ती नाणी मूठभर. समजा १८९३चा सॅन फ्रान्सिस्कोचा मॉर्गन; तो फक्त एक लाख पाडला गेला, चलनासाठीच्या मॉर्गनमध्ये सर्वांत कमी. अशा नाण्यावर पीव्हीसीचा थर असेल, किंवा त्यामुळे लेबलावर आकड्याऐवजी ‘डीटेल्स’ आलं असेल, तर संवर्धनाचा खर्च त्याच्या किमतीपुढे काहीच नाही. खर्च नाण्याच्या किमतीच्या प्रमाणात वाढतो हे धरूनही नाही. तिथे डोळे मिटून पाठवावं, कारण मळ वर बसलेला आहे आणि खाली काय आहे ते पाहण्यासारखं आहे. मात्र आकडा वाढेलच या भरवशावर पाठवू नये. हिरव्या थराखाली धातू शाबूत आहे की खड्डा पडलाय हे थर निघेपर्यंत कुणालाच कळत नाही, आणि मळाने झाकलेली जुनी रेघ उघडी पडली तर आकडा उतरतोही.

माझा १९१८चा रुपया या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी होता. किंमत माफक. पाठवण्याचा एकूण खर्च त्या किमतीच्या आसपास जाणारा. पण डाग जिवंत होता. एक मार्ग घरचा होता: स्लॅब फोडायचा, काचेच्या भांड्यात शुद्ध ॲसिटोन घ्यायचं, उघड्या हवेत, ज्वाळेपासून दूर, नाणं त्यात ठेवायचं, न घासता उलटायचं, नव्या ॲसिटोनमध्ये पुन्हा. ॲसिटोन पीव्हीसीचा मळ विरघळवतं आणि चांदीला हात लावत नाही. नखांचं पॉलिश काढायचं मिळतं ते चालत नाही, त्यात तेलं आणि सुगंध असतात. ग्रेड न झालेल्या नाण्यांवर मी हे करतो आणि दुसऱ्यांनाही सांगतो. पण स्लॅब फोडला की लेबल गेलं, आणि खाचांतला तो हिरवा भाग नुसता मळ राहिला नव्हता, तो क्षार झाला होता. त्याला ॲसिटोन पुरत नाही. म्हणून पाठवला.

परत आला तेव्हा साय पूर्ण गेली होती आणि चकाकीचे पट्टे पुन्हा फिरत होते, जे मी त्या नाण्यावर कधीच पाहिले नव्हते. कमळाच्या पाकळीशी, हिरव्याच्या जागी, दोन सूक्ष्म खड्डे उघडे पडले होते. ग्रेड ६३ची ६२ झाली. विकायला काढला तर मी त्यात नक्की तोट्यात आहे. तरीही हाच निर्णय मी पुन्हा घेईन, कारण न पाठवता ठेवला असता तर ६३चा आकडा लेबलावर शाबूत राहिला असता आणि त्याच्याखालचा रुपया खड्ड्याखड्ड्याने जात राहिला असता. आकडा ज्या दिवशी दिला त्या दिवसाचा असतो. नाण्याचं वय पुढे चालू राहतं.

भारतातून हे वाचणाऱ्यांसाठी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. १९७२च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनं नाणं पुरावशेषात मोडतं आणि ते असं टपालाने देशाबाहेर पाठवता येत नाही. माझा १९१८चा रुपया मी इथेच विकत घेतला, इथेच पाठवला. तुमच्या आजोबांच्या पेटीतला १९११चा रुपया, तोच ज्यावरचा राजाच्या साजातला हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला आणि म्हणून जो सरकारने मागे घेतला, फ्लोरिडाला पाठवायचा विचारही करू नका, त्यावर कितीही हिरवं असलं तरी. नाणं पीव्हीसीच्या पाकिटातून काढून चांगल्या, निरुपद्रवी पाकिटात ठेवणं आणि कोरडं ठेवणं, एवढं केलं तरी अर्धी लढाई जिंकल्यासारखी आहे. खरोखर मोलाचं काही असेल तर आधी जाणकाराला दाखवा. नाशिकजवळ अंजनेरीला १९८० साली स्थापन झालेली नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात संवर्धनाचं स्वतंत्र केंद्र आहे. आणि शिवराईसारखं तांब्याचं जुनं नाणं असेल तर कृपा करून त्याला लिंबू लावू नका. त्यावरचा तपकिरी थर हेच त्याचं संरक्षण आहे, आणि संग्राहक तोच शोधत असतात.

तांब्याने मलाही सध्या अडवून धरलं आहे. ईस्ट इंडिया कंपनीचा १८३५चा पाव आणा आहे, ग्रेड झालेला, सुरेख चॉकलेटी रंगाचा, आणि कंपनीच्या चिन्हातल्या सिंहाच्या पायाशी एक हिरवा ठिपका. तो जर गडद, कडक आणि धातूला घट्ट बसलेला असेल तर जुना गंज आहे, राहू दे. तो फिकट, भुकटीसारखा असेल आणि वाढत असेल तर क्लोराइडचा रोग आहे. मग तो दमट हवेत स्वतःच स्वतःला पोसत राहतो आणि नाण्याला पोखरतो, आणि तेव्हा खर्च किती हा प्रश्नच उरत नाही. स्लॅबच्या बाहेरून मला नक्की सांगता येत नाही. तांब्याचं संवर्धन चांदीपेक्षा अवघड, वरचं काढताना चॉकलेटी रंग डागाळण्याची भीती खरी, म्हणून घाई करणार नाही. न्यू जर्सीचा ऑगस्ट दमट असतो. नाणं सिलिका जेलच्या पुड्यांसोबत हवाबंद डब्यात ठेवलं आहे, आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र शेजारी, आणि त्याच दिव्याखाली, त्याच कोनातून, भिंगातून एक फोटो काढून ठेवला आहे. उन्हाळा संपला की दुसरा काढेन. ठिपका तेवढाच राहिला तर तो तिथेच राहील. केसभर जरी पसरला तरी दुसऱ्या दिवशी नाणं टपालात असेल.